पडद्यावरचा आलेख आणि वेळेचे माप

वाचकहो, शाळेच्या आवारात किंवा तहसील कचेरीच्या अंगणात बसवलेला पर्जन्यमापक तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सकाळी साडेआठ वाजले की कोणीतरी त्यातले पाणी मोजपात्रात ओततो, आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. काम दोन मिनिटांचे. पण त्या एका आकड्याला अर्थ येतो तो तीन गोष्टींमुळे. पाऊस कुठल्या मापकातला, कधी मोजलेला आणि किती वेळात पडलेला? या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर वहीतला आकडा ही नुसती शाई आहे.

आता २६ जुलै २००५ ची मुंबई आठवा. त्या दिवशी सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. शहर एकच, दिवस तोच, मापक मात्र दोन. जो केवळ कुलाब्याचा आकडा पाहत बसला असेल त्याला उपनगर बुडत आहे हे कसे कळावे? बरे, सांताक्रूझचा आकडा घेतला आणि ९४४ ला २४ ने भागले, तर तासाला साधारण ३९ मिलिमीटर येतात. गणित बरोबर आहे. पण त्या दिवसाचे चित्र मात्र त्यात नाही. कारण त्यातला बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांतच कोसळला. म्हणजे काय, की आकडा खरा असूनही माणसाची फसगत होऊ शकते. एकदा चुकीच्या ठिकाणी विचारल्यामुळे, आणि एकदा वेळेचे माप चुकीचे घेतल्यामुळे.

आज हे सांगण्याचे कारण असे, की वहीची जागा आता पुष्कळ ठिकाणी पडद्याने घेतली आहे. टाकीतले पाणी, पंपाचा वीजदाब, हवामानकेंद्रातली उष्णता, शाळेच्या छपरावरची सौर वीज, यांच्या नोंदी यंत्रे आपोआप करतात आणि कचेरीतल्या पडद्यावर आलेख उमटतो. अशा पडद्याला डॅशबोर्ड म्हणतात. तो पाहून माणसे निर्णय घेतात. पाणी सोडायचे की नाही, पंप चालू ठेवायचा की बंद करायचा, हे त्यावरून ठरते. म्हणून तो पडदा कसा जोडतात आणि त्यात वेळेचे माप कसे बसवतात, हे आपण समजून घेऊ. यंत्राची भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्याला हजेरीपट वाचता येतो, त्याला हेही समजेल.

प्रथम तीन वस्तू वेगळ्या ओळखू या. पहिली वस्तू डेटाबेस. ही झाली नोंदवही. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, इन्फ्लक्स ही अशा वह्यांची नावे. टाकीवरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी पाण्याची पातळी कळवतो, आणि वहीत एक ओळ लिहिली जाते: अमुक वेळ, अमुक टाकी, अमुक टक्के. दुसरी वस्तू आलेख काढणारा. ग्राफाना नावाचा कार्यक्रम त्यासाठी फार वापरात आहे. स्वीडनच्या टोर्केल ओडेगार्ड यांनी तो २०१४ साली लोकांपुढे आणला. आणि तिसरी वस्तू या दोघांमधली वाट. आलेख काढणाऱ्याला कुठली वही उघडायची, ती कुठे ठेवली आहे आणि कोणाच्या नावाने मागायची, हे सांगून ठेवावे लागते. या सांगण्याला 'डेटा सोर्स' म्हणतात. आपण त्याला माहितीचा उगम म्हणू.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. ग्राफानाजवळ स्वतःचे मोजमाप काही नसते. तो विचारतो, उत्तर घेतो आणि रेघ काढतो. वही खोटी असेल तर रेघ खोटी येईल, आणि प्रश्न चुकला तर खऱ्या वहीतूनही खोटी रेघ येईल.

आता उगम कसा जोडायचा ते पाहू. पाच गोष्टी भराव्या लागतात: वही ज्या संगणकावर आहे त्याचा पत्ता, त्या पत्त्यावरचा दरवाजा, वहीचे नाव, मागणाऱ्याचे नाव आणि परवलीचा शब्द. दरवाजा म्हणजे पोर्ट. पोस्टग्रेसचा नेहमीचा दरवाजा ५४३२ क्रमांकाचा आणि मायएसक्यूएलचा ३३०६ क्रमांकाचा. पत्ता लिहिताना नवशिक्यांची एक चूक हटकून होते. ते पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' लिहितात. लोकलहोस्ट म्हणजे 'मी स्वतः जिथे आहे ते घर'. ग्राफाना आणि वही एकाच घरात असतील तर ठीक. पण हल्ली ग्राफाना पुष्कळदा कंटेनर नावाच्या वेगळ्या खोलीत चालवतात. तो 'माझे घर' म्हणून आपल्याच खोलीत वही शोधतो, आणि वही असते शेजारच्या खोलीत. मग 'जोडणी नाकारली' असे उत्तर येते आणि माणूस परवलीचा शब्द पुन्हापुन्हा बदलत बसतो. शब्द बरोबरच असतो; चुकलेला असतो पत्ता.

मागणाऱ्याचे नाव ठरवताना एक पथ्य पाळावे. ग्राफानाला वहीत लिहिण्याचा किंवा खोडण्याचा अधिकार देऊ नये. फक्त वाचण्याचा द्यावा, आणि तोही लागतील तेवढ्याच पानांचा. कारण विचारलेला प्रश्न निरुपद्रवी आहे की नाही हे ग्राफाना तपासत नाही. कोणी प्रश्नाच्या जागी 'सगळे पान पुसून टाक' असा हुकूम लिहिला, तर तो तसाच वहीपर्यंत जाईल. ज्याच्या हाती फक्त वाचण्याची परवानगी आहे त्याचा हुकूम वहीच नाकारते. गुरुजी, हजेरीपट वर्गाला दाखवताना आपण पेन्सिल आणि रबर मुलांच्या हाती देत नाही, तसेच हे.

सगळे भरून झाले की 'जतन करा आणि तपासा' असे बटण दाबतात आणि हिरवी खूण येते. येथे थोडे थांबा. हिरवी खूण एवढेच सांगते, की दार उघडले आणि आत जाता आले. आतली माहिती ताजी आहे, ती तुमच्याच टाकीची आहे, तिची वेळ बरोबर आहे, यातले काहीही ती खूण सांगत नाही. सांताक्रूझऐवजी कुलाब्याच्या वहीला जोडले, तरी खूण हिरवीच येते! म्हणून उगमाला नाव देताना 'नवीन १', 'चाचणी २' असे देऊ नका. 'गावठाण टाकी, मुख्य वही' असे नाव द्या. सहा महिन्यांनी दुसरा माणूस खुर्चीवर बसेल, त्यालाही कळले पाहिजे.

येथवर उगमाचे झाले. आता वेळेकडे वळू. खरा घोटाळा येथेच होतो, कारण पडद्यावर चार निरनिराळ्या 'वेळा' एकत्र नांदतात आणि माणसे त्यांची सरमिसळ करतात.

पहिली, नोंदीची वेळ. सेन्सर किती वेळाने एकदा लिहितो? आपल्या टाकीचा दर पाच मिनिटांनी लिहितो. दुसरी, पाहण्याचा पल्ला. पडद्यावर गेले सहा तास दाखवायचे की गेला महिना? तिसरी, गटाचे माप. आलेखावरचा एक ठिपका किती वेळाच्या नोंदी मिळून काढायचा? इंग्रजीत यालाच इंटरव्हल म्हणतात. आणि चौथी, ताजे करण्याची वेळ. पडदा किती वेळाने पुन्हा प्रश्न विचारतो? या चारही वेळा स्वतंत्र आहेत. एक बदलली म्हणजे दुसरी आपोआप सुधारते असे नाही.

गटाचे माप ठरते कसे, ते पाहा. पडद्यावर आलेखाची रुंदी ठरावीक असते. समजा, हजार ठिपके मावतील एवढी. तुम्ही गेले सहा तास मागितले. सहा तास म्हणजे २१,६०० सेकंद. हजाराने भागा, एका ठिपक्याच्या वाट्याला २१.६ सेकंद आले. ग्राफाना हा आकडा आपल्या ठरीव मापांपैकी जवळच्या मापावर आणतो आणि वीस सेकंदांचा गट धरतो. आता गेला महिना मागा. तीस दिवस म्हणजे ४३,२०० मिनिटे. हजाराने भागून ४३ मिनिटे आणि वर थोडी. तेव्हा तो अर्ध्या तासाचा गट धरतो. म्हणजे पल्ला बदलला की गटाचे माप आपोआप बदलते. सोय चांगली आहे. नाहीतर वर्षभराचा आलेख मागताच लाखभर ओळी वहीतून ओढून आणाव्या लागल्या असत्या.

पण या सोयीला दोन टोके आहेत आणि दोन्हींकडे खड्डा आहे.

पहिला खड्डा गट फार बारीक असण्याचा. आपला सेन्सर दर पाच मिनिटांनी, म्हणजे ३०० सेकंदांनी एकदा लिहितो. गट पडले वीस सेकंदांचे. पाच मिनिटांत असे पंधरा गट होतात. एका गटात नोंद सापडते आणि चौदा गट रिकामे राहतात. पडद्यावर रेघ न दिसता सुटे ठिपके विखुरलेले दिसतात. पाहणारा म्हणतो, सेन्सर बिघडला. तो दुरुस्तीला माणूस बोलावतो, खर्च होतो, आणि सेन्सर तर ठणठणीत असतो! यावर उपाय सोपा आहे. उगमाच्या मांडणीत 'कमीत कमी गट' अशी एक जागा असते, तीत पाच मिनिटे लिहून ठेवा. नियम असा, की नोंद जितक्या वेळाने होते, त्यापेक्षा लहान गट कधी पाडू नये. मग पल्ला कितीही लहान करा, ग्राफाना पाच मिनिटांच्या खाली उतरणार नाही.

दुसरा खड्डा गट फार मोठा असण्याचा. समजा, टाकीत बावीस तास ६० टक्के पाणी होते आणि दोन तास टाकी कोरडी पडली. तुम्ही गट घेतला पूर्ण दिवसाचा आणि काढली सरासरी. बावीस गुणिले साठ, भागिले चोवीस; उत्तर ५५ टक्के. पडद्यावर ५५ टक्क्यांचा ठिपका ऐटीत उभा आहे. ज्या बाया दोन तास हंडे घेऊन नळापाशी ताटकळल्या, त्यांचा त्या आलेखात मागमूस नाही. सरपंचांनी महिन्याचा आलेख ग्रामसभेत दाखवला तर तो म्हणेल, पाणी कधीच ५५ च्या खाली गेले नाही. आणि समोर बसलेली माणसे म्हणतील, हा पडदा खोटा आहे. चूक पडद्याची नाही आणि लोकांचीही नाही. चूक सरासरी मागणाऱ्याची आहे.

म्हणून गट मोठा होत जातो तेव्हा त्या गटातून कुठला आकडा उचलायचा, हे विचारपूर्वक ठरवावे लागते. टाकीच्या पातळीसाठी सरासरीबरोबर गटातला सर्वांत लहान आकडाही काढा. टाकी कोरडी पडली की तो शून्यावर येईलच, गट दिवसाचा असो की आठवड्याचा. पंपाच्या वीजदाबासाठी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा असे दोन्ही काढा, कारण मोटार जळते ती टोकाच्या दाबाने, सरासरी दाबाने नव्हे. पावसासाठी बेरीज घ्या. पाऊस साठत जातो, त्याची सरासरी काढून शेतकऱ्याला काय उपयोग?

आणखी एक जात आहे, ती म्हणजे नेहमी चढतच जाणारा आकडा. आपल्या घरच्या विजेच्या मीटरसारखा. मीटरवर अमुक हजार युनिट दिसतात त्याला एकटा अर्थ नाही. मागचा आकडा वजा केला की खप कळतो. प्रोमीथियस नावाची एक वही अशा आकड्यांसाठी प्रसिद्ध आहे. बर्लिनच्या साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ साली तिचे काम सुरू झाले. तिची रीतही निराळी आहे. ती नोंदी येण्याची वाट पाहत नाही. मीटर वाचणाऱ्या माणसासारखी स्वतः दारोदार फिरते आणि आकडे टिपून आणते. वेगळे काही सांगितले नाही तर फेरी दर मिनिटाला एक. आता वजाबाकी करायची तर निदान दोन वाचने हवीत. एखादी फेरी चुकली तर एकच वाचन हाती राहते आणि रेघ तुटते. म्हणून वेग काढताना फेरीच्या चौपट वेळ मागे पाहावे असा शिरस्ता आहे. फेरी पंधरा सेकंदांची असेल तर एक मिनिट, एका मिनिटाची असेल तर चार मिनिटे. ग्राफानात 'रेट इंटरव्हल' नावाचा तयार शब्द आहे, तो हे गणित आपण होऊन करतो. पण फेरी किती वेळाची, हे मात्र उगमाच्या मांडणीत तुम्हीच खरे खरे लिहिले पाहिजे. तेथे पंधरा सेकंद लिहिले आणि फेरी प्रत्यक्षात मिनिटाची असली, तर सगळे गणित फसते.

आता रिकाम्या गटाचा प्रश्न. वीज गेली, किंवा तार उंदरांनी कुरतडली, आणि तासभर नोंदच आली नाही. त्या तासाच्या जागी आलेखात काय दाखवायचे? तीन पर्याय मिळतात. शून्य दाखवा, मागचाच आकडा पुढे ओढा, किंवा जागा मोकळी सोडा. हा प्रश्न यंत्राचा वाटतो, पण खरे म्हणजे तो प्रामाणिकपणाचा आहे. पातळीच्या जागी शून्य लिहिले तर टाकी कोरडी पडल्याची आवई उठेल. मागचा आकडा ओढला तर सेन्सर मेलेला असूनही टाकी भरलेली दिसत राहील, आणि हा प्रकार अधिक घातक, कारण त्यात कोणी धावून जात नाही. जागा मोकळी सोडली तर पाहणाऱ्याला कळते, की येथे काही तरी ठाऊक नाही. गुरुजी, मूल वर्गात नाही म्हणजे गैरहजर. पण त्या दिवशी हजेरीच घेतली नाही, तर मुलापुढे 'गैर' लिहिता येईल का? नाही ना? 'नाही' आणि 'ठाऊक नाही' या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घड्याळाच्या काट्यासारख्या मोजमापाला मोकळी जागाच शोभते. शून्य चालते ते मोजदादीला. उदाहरणार्थ, पंप किती वेळा चालू झाला, याच्या नोंदी ओळीने येतात. ओळ नाही म्हणजे पंप चालू झाला नाही. पण तेथेही, नोंदणारे यंत्र जिवंत आहे याची वेगळी खात्री हवीच.

आता सर्वांत फसवी गोष्ट सांगायची आहे. घड्याळाची.

आपली भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. ती १९०६ साली लागू झाली. तरी मुंबईने आपला जुना 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत सोडला नव्हता, आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. जुनी माणसे सांगत, की कोणी वेळ दिली तर आधी विचारावे लागे, 'कुठला टाइम?' संगणकाच्या जगात हा प्रश्न अजून विचारावा लागतो. जगभरच्या यंत्रांनी सोयीसाठी एक समान वेळ धरली आहे, तिला यूटीसी म्हणतात. ती व्यवहारात ग्रीनिचचीच वेळ. ग्राफाना वहीतली वेळ यूटीसी आहे असे धरून चालतो, आणि दाखवताना तुमच्या घड्याळाप्रमाणे साडेपाच तास मिळवून दाखवतो.

आता असे समजा, की तुमच्या गावच्या सेन्सरने वहीत यूटीसी न लिहिता आपली भारतीय वेळच लिहिली आणि कुठली वेळ तेही नोंदले नाही. काय होईल? सकाळी साडेअकराला तुम्ही पडदा उघडता. त्या क्षणी यूटीसीप्रमाणे सहा वाजलेले असतात. ग्राफाना वहीत सहा वाजताची ओळ शोधतो, ती त्याला मिळते, आणि 'आत्ताची पातळी' म्हणून तो ती दाखवतो. पण ती ओळ आहे पहाटे सहाची! रात्रभर पंप चालून पहाटे टाकी भरलेली होती. पडद्यावर ९५ टक्के. प्रत्यक्षात साडेअकरापर्यंत गावाने पाणी भरून टाकीचा तळ दिसू लागला आहे. पडदा पाहणारा पंप सुरू करत नाही. रेघ सुरेख आहे, हिरवी खूण आहे, गटाचे माप बरोबर आहे, आणि सगळा पडदा साडेपाच तास शिळा आहे. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती दिवसेंदिवस टिकते.

हिच्यावर उपाय दोन. पहिला, नोंद करतानाच वेळ यूटीसीत लिहावी, किंवा वेळेबरोबर ती कुठली हेही वहीत राहील असा वेळेचा रकाना निवडावा. पडदा मात्र भारतीय वेळेत ठेवावा. डॅशबोर्डच्या मांडणीत तशी निवड असते. दुसरा उपाय हाताचा आहे. मनगटावरचे घड्याळ बघून टाकीवर जा, पाण्याची पातळी डोळ्यांनी पाहा, परत येऊन पडद्यावरचा त्याच क्षणाचा ठिपका पाहा. जुळले तर ठीक. नाही जुळले, तर साडेपाच तास मागे-पुढे शोधा, बहुधा तेथे सापडेल.

याच घड्याळाचा दुसरा खेळ दिवसाच्या गटात दिसतो. एका दिवसाचा गट पाडायला सांगितला, तर नुसता तयार शब्द वापरल्यास दिवस यूटीसीच्या मध्यरात्री तुटतो. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला! आणि आपल्या हवामान खात्याच्या पावसाचा दिवस तुटतो सकाळी साडेआठला, म्हणजे यूटीसीप्रमाणे बरोबर तीनला. शाळेतल्या मुलांनी मापकाच्या नोंदी करून दिवसाचा पाऊस पडद्यावर काढला आणि तो सरकारी आकड्याशी जुळेना, तर मुलांना चूक ठरवण्याची घाई करू नका. वेळेतून आधी तीन तास वजा करा, मग दिवसाचे गट पाडा, आणि शेवटी ते तीन तास परत मिळवा. शिवाय हवामान खाते पावसाची तारीख मोजणीच्या सकाळची धरते. म्हणून सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर २७ जुलैच्या सकाळच्या नोंदीत येतात. हे लक्षात घेतले की आकडे जुळतात.

आता चौथी वेळ, ताजे करण्याची. पुष्कळांना वाटते, पडदा जितका भराभर ताजा होईल तितके चांगले. म्हणून ते पाच सेकंद निवडतात. हिशेब करू. नोंद येते पाच मिनिटांनी. तेवढ्या वेळात पडदा साठ वेळा तोच प्रश्न विचारतो. डॅशबोर्डवर बारा आलेख आहेत आणि दहा जण तो उघडून बसले आहेत. साठ गुणिले बारा गुणिले दहा, झाले ७,२०० प्रश्न. आणि टाकीची नवी नोंद आली एक! बिचारी वही उत्तरे देता देता दमते आणि नव्या नोंदी लिहायला तिला उसंत मिळत नाही. ताजे करण्याची वेळ नोंदीच्या वेळेइतकी ठेवा, पुरे आहे. तसेच प्रत्येक प्रश्नात 'टाइम फिल्टर' हा तयार शब्द असू द्या. त्याने ग्राफाना फक्त पाहण्याच्या पल्ल्यातल्या ओळी मागतो. नाहीतर कालची हजेरी विचारायला दहा वर्षांचे हजेरीपट उलटावे लागतील. आणि वेळेच्या रकान्याला अनुक्रमणिका जोडून ठेवावी, म्हणजे पान चटकन सापडते.

इशाऱ्याचेही दोन शब्द सांगून ठेवतो. पातळी २० टक्क्यांखाली गेली तर संदेश पाठव, असे ग्राफानाला सांगता येते. तेथे तपासणी किती वेळाने करायची आणि स्थिती किती वेळ टिकली तर बोंब मारायची, असे दोन आकडे विचारतात. एका नोंदीवर बोंब मारू नका. लाट उठली तरी सेन्सर क्षणभर चुकतो. दोन-तीन नोंदी तशाच आल्या तर इशारा द्या. आणि 'नोंदच आली नाही' यासाठी वेगळा इशारा अवश्य लावा. मुका सेन्सर हा बोलणाऱ्या सेन्सरपेक्षा जास्त काळजीचा.

शिक्षक बंधु-भगिनींसाठी एक प्रयोग सुचवावासा वाटतो. त्याला ना संगणक लागतो ना वीज. पाण्याच्या बादलीला खाली बारीक भोक पाडा. मुलांना दर मिनिटाला पातळी मोजून लिहायला सांगा. मधेच एका मुलाला, वर्गाला न सांगता, बादलीत तांब्याभर पाणी ओतायला लावा. अर्ध्या तासाच्या तीस नोंदी झाल्या की वर्गाचे तीन गट करा. एका गटाने दर मिनिटाचा आलेख काढावा, दुसऱ्याने पाच-पाच मिनिटांची सरासरी, तिसऱ्याने पंधरा-पंधरा मिनिटांची. मग विचारा, पाणी ओतले ते कुणाच्या आलेखात दिसते? पहिल्या गटात मुले लगेच बोट ठेवतील. तिसऱ्या गटात दोनच ठिपके असतील आणि तांब्या हरवलेला असेल. एवढे पाहिले की गटाचे माप म्हणजे काय, हे त्यांना पुन्हा सांगावे लागणार नाही.

तर वाचकहो, पुढच्या वेळी ग्रामपंचायतीत, बाजार समितीत किंवा दवाखान्यात असा रंगीत पडदा दिसला, की त्याला भिऊ नका आणि भुलूही नका. तेथल्या माणसाला चार प्रश्न विचारा. ही माहिती कुठल्या मापकाची? नोंद किती वेळाने होते? एक ठिपका किती वेळाचा, आणि तो सरासरीचा की सर्वांत लहान आकड्याचा? घड्याळ कुठले? उत्तरे मिळाली तर त्या आलेखावर विसंबायला हरकत नाही. उत्तरे मिळाली नाहीत, तर टाकीवर चढून झाकण उघडून पाहावे.